डायच्या आधी नीट विचारतात, नंतर अर्धा तास हलू देत नाहीत: कॉन्ट्रास्ट सीटीचा अनुभव, साडेचार स्टार

या सेंटरचं मशीन किती स्लाइसचं आहे, एसी कसा आहे, पार्किंग मिळतं का हे बाकीच्यांनी रिव्ह्यूत लिहिलंय आणि बरोबरच लिहिलंय. मला लिहायचंय डायबद्दल, म्हणजे सीटी करताना शिरेतून जो कॉन्ट्रास्ट सोडतात त्याबद्दल. नाशिकमध्ये आता सीटीची सेंटर्स बरीच झालीत, मशीनं सगळीकडे चांगली आहेत, रिपोर्टही बहुतेक ठिकाणी ठीक येतात, पण डाय देण्याआधी पेशंटला काय काय विचारतात आणि दिल्यावर त्याच्याकडे कोण लक्ष ठेवतं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि सेंटर निवडताना मी तरी आता तेवढंच बघते. मी बी.फार्म. आहे, औषधांच्या होलसेलमध्ये काम करते, आयोहेक्सॉल-आयोडिक्सॅनॉल या डायच्या बाटल्या रोज बिलांत बघते, त्यामुळे जरा सविस्तर लिहितेय, ज्यांच्या घरात कुणाचा स्कॅन ठरलाय त्यांनी पूर्ण वाचा.

आमच्या सासऱ्यांचं, अण्णांचं, वय ७१, शुगर जुनी, बीपीची गोळी चालू. सोनोग्राफीत लिव्हरवर अडीच सेंटिमीटरचा डाग दिसला आणि घरात सगळ्यांची झोप उडाली. फिजिशियननी ट्रिपल फेज सीटी लिहून दिला, म्हणजे काय ते खाली येईलच. हे सेंटर मी निवडलं त्याचं कारण माझी मावसबहीण, तिचं खाली सांगते.

फोनवर अपॉइंटमेंट घेताना पहिला प्रश्न आला की क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, कधी केलंय. शुगर-बीपीवाला पेशंट म्हटल्यावर ताजा रिपोर्ट आणाच, नसेल तर आमच्याकडे सकाळी रक्त देऊन मग स्कॅन करू, असं स्पष्ट सांगितलं. हे आवडलं. अण्णांचं क्रिएटिनिन १.४ होतं. आता बऱ्याच ठिकाणी १.४ बघून एक तर "थोडं जास्त आहे, डाय नको" म्हणतात नाहीतर "चालतंय" म्हणून सोडून देतात. इथल्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी तसं केलं नाही, त्यांनी वय, पुरुष की बाई आणि क्रिएटिनिन टाकून ईजीएफआर काढला, तो आला ५४, आणि आम्हाला समोर बसवून समजावलं की किडनी किती गाळतेय ते या आकड्यावरून बघायचं, नुसत्या क्रिएटिनिनवरून नाही. हेच १.४ जर ७१ वर्षांच्या बाईचं असतं तर ईजीएफआर ४० च्या आसपास आला असता. एकच रिपोर्ट, एकच आकडा, पण माणूस बदलला की अर्थ बदलतो. हे मला माहीत होतं तरी सेंटरमध्ये कुणीतरी पेशंटला बसवून सांगतंय हे मी पहिल्यांदा बघितलं.

डायने किडनी जाते ही भीती आपल्याकडे फार आहे आणि त्यापायी लोक गरजेचा स्कॅनसुद्धा टाळतात. पूर्वी डॉक्टरही जास्तच घाबरायचे. नंतर जेव्हा डाय दिलेले आणि न दिलेले, पण बाकी सगळ्या बाबतीत सारखे असे पेशंट शेजारी शेजारी ठेवून बघितले तेव्हा कळलं की आजारी माणसाचं क्रिएटिनिन डायशिवायही वर-खाली होत असतं आणि सगळं खापर डायवर फुटत होतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या आणि किडनीवाल्यांच्या संस्थांनी मिळून सांगितलं की खरी काळजी घ्यायची ती ईजीएफआर ३० च्या खाली असलेल्यांची आणि ज्यांच्या किडनीला नुकतीच अचानक इजा झालीय त्यांची. अशा पेशंटला आधी आणि नंतर शिरेतून सलाईन देतात, आणि तरीही स्कॅन खरंच गरजेचा असेल तर तो करतातच, कारण आजार न सापडण्याचा धोका त्याहून मोठा असतो. मॅडमनी अगदी हेच सांगितलं, वर अण्णांना म्हणाल्या की काका, तुम्ही पेनकिलरच्या गोळ्या घेता का, गुडघ्यासाठी वगैरे? अण्णा घेतात, आम्हाला न सांगता घेतात. त्या गोळ्या स्कॅनच्या आधी-नंतर काही दिवस बंद करायला सांगितल्या, कारण किडनीला दोन्हीकडून ताण नको. हा प्रश्न फॉर्मवर नव्हता बरं का, त्यांनी स्वतःहून विचारला.

मेटफॉर्मिनचं, म्हणजे शुगरच्या गोळीचं पण सांगते, कारण शुगरवाल्या प्रत्येक घरात यावर गोंधळ असतो. बऱ्याच सेंटरमध्ये सरसकट "४८ तास गोळी बंद" सांगतात. मेटफॉर्मिन काही डायबरोबर मिसळून किडनी खराब करत नाही. भीती अशी असते की समजा डायनंतर किडनी मंदावली, तर मेटफॉर्मिन शरीरातून बाहेर पडणार नाही, साचत जाईल आणि रक्तात लॅक्टिक अॅसिड वाढेल. म्हणून ईजीएफआर ३० च्या खाली असेल किंवा किडनीला अचानक इजा झालेली असेल तर स्कॅनच्या वेळी गोळी थांबवायची, ४८ तासांनी किडनीची तपासणी करायची आणि ठीक असेल तर परत सुरू. अण्णांच्या ५४ ला त्याची गरज नव्हती, मॅडमनी त्यांच्या फिजिशियनना फोन करून दोघांचं एकमत करून मग आम्हाला सांगितलं की गोळी चालू ठेवा. तुमच्या पेशंटचं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, पण विचारा मात्र नक्की, कारण विनाकारण दोन दिवस गोळी बंद केली की शुगर चढते आणि मग वेगळाच ताप होतो.

फॉर्म मराठीत आहे, दोन पानी. दमा, थायरॉइड, किडनी, हार्ट, आधी कधी डाय घेतलाय का आणि तेव्हा काय झालं, कुठल्या औषधाची अॅलर्जी, बायकांना प्रेग्नन्सी, अंगावर पाजताय का. त्यात एक प्रश्न मासे-कोळंबीच्या अॅलर्जीचाही आहे. माझी जाऊ मालवणची, ती बरोबर होती, तिला कोळंबी खाल्ली की अंगावर गांधी उठतात, आणि तिला कुणीतरी पक्कं सांगून ठेवलेलं की तू जन्मात डाय घेऊ नकोस, माशात आयोडीन असतं आणि डायमध्ये पण आयोडीन असतं. तिने तिथेच मॅडमना विचारलं. उत्तर ऐकून तिचा चेहरा उजळला. कोळंबीची अॅलर्जी आयोडीनची नसते, ती कोळंबीच्या मांसातल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रोटीनची असते. आयोडीनची अॅलर्जी असती तर मीठ खाता आलं नसतं, आपलं रोजचं मीठ आयोडीनवालंच तर आहे. कुठलीही अॅलर्जी असलेल्या माणसाला डायची रिअॅक्शन यायची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, मग ती शेंगदाण्याची असो की धुळीची की कोळंबीची, पण तेवढ्यावरून डाय नाकारायचा नसतो. खरी धोक्याची खूण एकच, आधी त्याच प्रकारच्या डायची रिअॅक्शन आलेली असणं. मग फॉर्ममध्ये मासे कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाल्या लोक स्वतःहून तेच सांगतात, त्यावरून बाकीच्या अॅलर्जीचं बोलणं सुरू होतं. पटलं.

थायरॉइडचं कारण वेगळं आहे. अण्णांना ९० एमएल डाय दिला, ३५० स्ट्रेंथचा, म्हणजे प्रत्येक एमएलमध्ये ३५० मिलिग्रॅम आयोडीन, म्हणजे एकूण ३१ ग्रॅमच्या वर. माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. हे आयोडीन रेणूत घट्ट बांधलेलं असतं, मोकळं फार थोडं असतं, पण तेवढंसुद्धा थायरॉइडला जाणवतं. ज्यांचा थायरॉइड आधीच जोरात चालतोय त्यांनी सांगितलंच पाहिजे, आणि ज्यांना पुढे थायरॉइडचा आयोडीनवाला स्कॅन किंवा ट्रीटमेंट घ्यायची असेल त्यांना डायनंतर काही आठवडे थांबावं लागतं. लोक थायरॉइडची गोळी ही गोळी धरतच नाहीत, फॉर्ममध्ये लिहीत नाहीत. लिहा.

आता मावसबहिणीचं. तिचा पोटाचा सीटी दुसऱ्या एका सेंटरला झाला होता, नाव घेत नाही. तिथे काही विचारलं नाही, एक एमएल टेस्ट डोस दिला, "काही होत नाही ना, चला", पूर्ण डोस, स्कॅन संपल्या संपल्या सुई काढली आणि घरी जा. रिक्षात बसल्यावर खाज सुटली, अंगभर गांधी, ओठ सुजले, घसा आवळल्यासारखा झाला. रिक्षावाल्या दादांनी प्रसंगावधान दाखवून सरळ जवळच्या हॉस्पिटलला नेलं म्हणून ती वाचली, तिथे मांडीत अॅड्रेनॅलिन दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांत श्वास मोकळा झाला. मला यातल्या दोन गोष्टींची फार चीड आहे. एक, तो टेस्ट डोस. आपल्याकडे लोकांना वाटतं टेस्ट डोस दिला म्हणजे सेफ, पण डायच्या बाबतीत टेस्ट डोसवरून पुढे काय होणार ते कळत नाही, टेस्टला काही न होता पूर्ण डोसला मोठी रिअॅक्शन येऊ शकते आणि कधी कधी टेस्टच्या थेंबभर डायनेही येते, जगभरातल्या रेडिओलॉजीच्या गाइडलाइन्स म्हणूनच तो करू नका म्हणतात. त्याने फक्त खोटा धीर येतो आणि मग नंतरचं लक्ष कमी होतं. दुसरी गोष्ट, तिच्या रिपोर्टवर नुसतं "कॉन्ट्रास्ट दिला" एवढंच लिहिलेलं. कुठला, किती, काही नाही.

सहा-आठ महिन्यांनी तिला परत सीटी लागला तेव्हा हे सेंटर कुणीतरी सुचवलं. इथल्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, कुठला डाय होता? कारण आधी ज्याची रिअॅक्शन आली तो सोडून दुसरा वापरला तर परत रिअॅक्शन यायची शक्यता कमी होते. जुन्या सेंटरला फोन केले, फाइल नाही म्हणाले. शेवटी तिच्या नवऱ्याने इन्शुरन्सच्या क्लेमसाठी ठेवलेलं बिल सापडलं, त्यात ब्रँडचं नाव आणि बॅच नंबर होता. मग मॅडमनी दुसरा डाय ठरवला, तिच्या डॉक्टरांशी बोलून स्टेरॉइडचा कोर्स लिहिला, प्रेडनिसोलोन ५० मिलिग्रॅम स्कॅनच्या १३ तास आधी, ७ तास आधी आणि १ तास आधी, वर एविलचं, म्हणजे अॅलर्जीवरचं इंजेक्शन, म्हणजे रात्री गजर लावून गोळी घ्यावी लागली. स्कॅन व्यवस्थित पार पडला. हे कुणी स्वतःच्या मनाने घेऊ नका, शुगरवाल्यांची साखर स्टेरॉइडने चढते, आणि एवढं करूनही रिअॅक्शन येऊ शकते म्हणूनच डॉक्टर शेजारी उभे होते. पण एका बिलाच्या कागदाने किती काम केलं बघा. या सेंटरच्या रिपोर्टवर पहिल्याच परिच्छेदात डायचं नाव, स्ट्रेंथ, किती एमएल आणि काही त्रास झाला का हे छापून येतं. तुमच्या सेंटरवाले देत नसतील तर मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

स्कॅनच्या खोलीतलं. सिस्टरनी कोपराजवळच्या मोठ्या शिरेत गुलाबी व्हेनफ्लॉन, म्हणजे शिरेत राहणारी सुई लावली, २० नंबरची. मनगटावर बारीक निळी लावून भागवत नाहीत, कारण डाय प्रेशर इंजेक्टरने सेकंदाला तीन-चार एमएल वेगाने जातो, बारीक शिरेत एवढा जोर नाही सोसत आणि डाय शिरेबाहेर कातडीखाली जातो, हात सुजतो, दुखतो. आधी सलाईन त्याच वेगाने सोडून बघितलं. डायची बाटली वॉर्मरमधून काढली, अंगाच्या तापमानाला आणलेली, कारण थंड डाय घट्ट असतो. बाटली आमच्यासमोर फोडली, एक्स्पायरी दाखवली. एका पेशंटची उरलेली बाटली दुसऱ्याला वापरली जात नाही ना, ही शंका ज्यांच्या मनात असते त्यांनी सरळ "समोर फोडा" म्हणावं, इथे कुणी वाईट मानलं नाही. अनेक पेशंटसाठीच्या मोठ्या पॅकिंगच्या बाटल्या असतात पण त्यांचे नियम आणि नळ्या वेगळ्या, साधी बाटली एकाच पेशंटची.

डाय दिसायला पाण्यासारखाच, जरा दाट आणि हाताला चिकट. टेक्निशियन दादांनी माइकवरून अण्णांना मराठीत सांगितलं, "काका, आता घशापासून खालपर्यंत गरम वाटेल, तोंडात लोखंडासारखी चव येईल, लघवी झाल्यासारखं वाटेल पण झालेली नसते, घाबरू नका, हलू नका, श्वास सांगतो तेव्हा धरा." हे आधी सांगितलं म्हणून अण्णा शांत पडून राहिले, नाहीतर माणूस दचकतो, हलतो आणि सगळा फेज वाया जातो. सिस्टर पहिले काही सेकंद शिरेवर बोट ठेवून उभ्या होत्या, सूज नाही हे बघून मग काचेमागे गेल्या.

ट्रिपल फेज म्हणजे एकाच डायच्या मागे मागे तीन वेळा फोटो. पस्तीसेक सेकंदांनी डाय धमन्यांत असतो, सत्तरेक सेकंदांनी पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरला रक्त नेणाऱ्या शिरेतून, सगळ्या लिव्हरभर पसरतो, आणि तीन-पाच मिनिटांनी तो निघून जात असतो. आयोडीनचा अणू जड, तो एक्स-रे अडवतो, म्हणून जिथे रक्त जास्त तिथे पांढरं दिसतं. लिव्हरच्या कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा पहिल्या फेजला झटकन चमकते आणि नंतरच्या फेजला आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा काळी पडते. मॅडमनी स्कॅननंतर स्क्रीनवर अण्णांचा डाग दाखवला. पहिल्या फेजला फक्त कडेला पांढरे ठिपके, मधे काळं, दुसऱ्या फेजला ठिपके मोठे होत आत सरकलेले, शेवटच्या फेजला जवळजवळ सगळा डाग भरलेला, धोतराची कड पाण्यात बुडवली की पाणी झिरपत आत चढतं तसा. ही हेमँजिओमाची खूण, रक्तवाहिन्यांचा साधा गुंता, कॅन्सर नाही, बहुतेकदा काही करावंही लागत नाही. डाय नसता तर तो नुसता एक करडा डाग दिसला असता आणि आम्ही बायोप्सीच्या दारात उभे राहिलो असतो. म्हणून जे लोक म्हणतात साधा सीटीच करा, डाय नको, त्यांना माझं सांगणं आहे की डॉक्टरांनी का लिहिलाय ते आधी विचारा. मूतखडा बघायला डाय लागत नाही, गाठ ओळखायला लागतो.

स्कॅन झाल्यावर सुई काढली नाही. तशीच हाताला ठेवून समोरच्या बाकावर अर्धा तास बसवलं, सिस्टर दोनदा येऊन विचारून गेल्या, खाज, मळमळ, घशात काही, श्वास. मोठ्या रिअॅक्शन बहुतेक पहिल्या वीस-तीस मिनिटांत येतात आणि तेव्हा हाताला लावलेली सुई तयार असणं फार मोलाचं असतं. बाकावरून इमर्जन्सीची ट्रॉली दिसते, ऑक्सिजनचा सिलेंडर, अॅड्रेनॅलिन, हायड्रोकॉर्टिसोन, एविल, आणि ट्रॉलीला चिकटवलेला कागद, त्यावर प्रत्येक औषधाची एक्स्पायरी आणि रोज सकाळी तपासणाऱ्याची सही. मी मुद्दाम उठून बघितलं, त्या दिवशीची सही होती. वरच्या कप्प्यात अॅड्रेनॅलिनची अँप्युल आणि तिच्याशेजारी मोठ्यांचा डोस मोठ्या अक्षरात, अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. घाईच्या वेळी कुणाला हिशोब करत बसावं लागू नये. आमच्या लाईनीत राहून मी बऱ्याच ट्रॉल्या पाहिल्यात, धूळ खात पडलेल्या, एक्स्पायर झालेल्या, म्हणून ही बघून खरंच समाधान वाटलं.

शेजारी एक काका होते, ते अर्धा तास थांबायला तयार नव्हते, त्यांचं म्हणणं एवढं घाबरायचं तर देताच कशाला. तर घाबरण्यासारखं प्रमाण नाहीये हेही तितकंच खरं आहे. पूर्वीचे आयॉनिक डाय, म्हणजे विरघळल्यावर विद्युतभारित कणांत फुटणारे, रक्तापेक्षा पाच-सात पट तीव्र असायचे, शिरेत आग व्हायची, उलट्या व्हायच्या. स्वीडनच्या टॉर्स्टन आल्मेन नावाच्या रेडिओलॉजिस्टने तसे न फुटणाऱ्या नॉन-आयॉनिक डायची कल्पना मांडली आणि त्यातून आजचे डाय आले. जपानमध्ये ३ लाख ३७ हजारांवर केसेसचा अभ्यास १९९० साली छापून आला, त्यात जुन्या आयॉनिक डायला कुठली ना कुठली रिअॅक्शन १२.६६ टक्के लोकांना आली होती, नॉन-आयॉनिकला ३.१३ टक्के, आणि गंभीर रिअॅक्शन ०.२२ विरुद्ध ०.०४ टक्के. म्हणजे दहा हजारांत चार. आज सीटीला शिरेतून देतात ते जवळजवळ सगळे नॉन-आयॉनिकच. तरी ज्या चौघांवर ती वेळ येते त्यांच्यासाठी तो अर्धा तास आणि ती ट्रॉली हेच सगळं असतं, आणि आपण त्या चौघांत आहोत का हे कुणालाच आधी कळत नाही. माझी बहीण त्यातलीच. ते काका शेवटी बसले, सिस्टरनी गोड बोलून बसवलं.

घरी जाताना छापील चिठ्ठी देतात, मराठीत. पाणी भरपूर प्या, ज्यांना हार्टमुळे किंवा किडनीमुळे पाणी मोजून आहे त्यांनी डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. किडनी चांगली असेल तर एका दिवसात जवळजवळ सगळा डाय लघवीवाटे निघून जातो. अंगावर पुरळ तासाभरानेच नाही तर दोन-चार दिवसांनीही उठू शकतं, आठवड्याभरात काही उठलं तर या नंबरवर फोन करा. सुईच्या जागी सूज आली तर हात उंच ठेवा, थंड शेका, बोटं बधिर झाली किंवा दुखणं वाढत गेलं तर लगेच या.

बाकावर एक ओली बाळंतीण होती, तिला तिच्या घरच्यांनी सांगितलेलं की आता दोन दिवस दूध काढून फेकायचं. बिचारी रडवेली झाली होती, बाळ घरी भुकेलं. मॅडमनी तिला बोलावून सांगितलं की डायचा एक टक्क्याहून कमी भाग दुधात येतो आणि बाळाच्या पोटात गेला तरी त्याच्याही एक टक्क्याहून कमी रक्तात शोषला जातो, खुशाल पाजा. मनाची खात्री होत नसेल तर एक दिवस थांबा पण बाळाचं काही बिघडत नाही. डॉक्टरांनी असं दोन मिनिटं काढून बोलणं हीच या सेंटरची खरी सर्व्हिस.

एमआरआयचा कॉन्ट्रास्ट इथे मिस्टरांच्या वेळी घेतलाय, त्यावर थोडक्यात. तो आयोडीनचा नसतो, गॅडोलिनियमचा असतो, त्यामुळे सीटीच्या डायची रिअॅक्शन आलीय म्हणून एमआरआयचा नको असं होत नाही. काही जुन्या गॅडोलिनियममुळे किडनी निकामी असलेल्या पेशंटची कातडी आणि सांधे कडक व्हायचा एक भयंकर आजार होतो हे २००६ मध्ये लक्षात आलं, आणि मेंदूतही गॅडोलिनियम साचतं म्हणून २०१७ मध्ये युरोपने लिनियर प्रकारातले, म्हणजे गॅडोलिनियम सैल पकडणारे, बरेचसे बंद केले. इथे मॅक्रोसायक्लिक प्रकारातलाच वापरतात, ज्यात गॅडोलिनियम रेणूच्या पिंजऱ्यात बंद असतं आणि सहजासहजी सुटं होत नाही. तुम्ही फक्त एवढंच विचारा, मॅक्रोसायक्लिक आहे ना. उत्तर देता आलं पाहिजे त्यांना.

अर्धा स्टार का कापला ते पण सांगते. फोनवरच्या मुलीने अण्णांना "रात्री दहानंतर पाणीसुद्धा नको" सांगितलं होतं. सेंटरच्याच छापील सूचनेत आहे की चार तास जड खाऊ नका, पाणी चालेल, आणि किडनीचा विचार केला तर पाणी प्यायलाच हवं, शिरेतून डाय द्यायला कडक उपास लागतो असं आताच्या गाइडलाइन्सही म्हणत नाहीत. ७१ वर्षांचा शुगरचा माणूस रात्रभर कोरडा राहिला असता, मी मधे पडून परत फोन करून विचारलं म्हणून बरं. मॅडमना सांगितल्यावर त्यांनी रिसेप्शनला तिथल्या तिथे सांगितलं, पण ही चूक मुळात व्हायला नको. दुसरं, आठची वेळ दिलेली, आत घेतलं साडेनऊला. मधे एक अपघाताची केस आली होती, ती आधी घेणं बरोबरच, त्याबद्दल तक्रार नाही, पण उपाशी बसलेल्या शुगरवाल्या पेशंटना कुणीतरी येऊन सांगायला हवं होतं की उशीर होणार आहे, शुगर बघू का. आमच्या अण्णांची मीच पिशवीतल्या ग्लुकोमीटरवर बघितली.

पैसे सहा हजार आठशे झाले, डायचे वेगळे दाखवून, ब्रँड आणि बॅचसकट पक्कं बिल. याहून हजार-पंधराशेने स्वस्त नाशिकमध्ये मिळतं. मी पुढच्या वेळीही इथेच येईन. रिपोर्ट त्याच दिवशी संध्याकाळी मिळाला, सीडीबरोबर. जाताना जुन्या सोनोग्राफीचे आणि आधीच्या सीटीचे रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या पट्ट्या, नुसती नावं नाही, पट्ट्याच, आणि ताजं क्रिएटिनिन एवढं घेऊन जा. शुगरवाल्यांनी सकाळची पहिली वेळ मागा, बरोबर बिस्किटं ठेवा आणि घरातलं एक माणूस न्या, कारण तो अर्धा तास पेशंटला एकटं बसवत नाहीत, बरोबर कोणी नसेल तर अपॉइंटमेंट पुढे ढकलतात.